शाहू बोर्डिंगची एक चूल : कर्मवीर भाऊराव पाटील यांनी मुलांचे वसतिगृह कसे चालवले?

पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत अनेक विद्यार्थी तास संपल्यावर ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काही वेळ काम करतात. त्या कामाचे पैसे त्यांना शिक्षणाच्या खर्चाला उपयोगी पडतात. या योजनेला ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना’ असे नाव आहे. फॉर्मवर हे नाव लिहिणाऱ्या मुलांना भाऊरावांबद्दल साधारण एवढे ठाऊक असते, की त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, त्यांची पांढरी दाढी लांब होती आणि ते गरिबांच्या मुलांसाठी झटले.

पण ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना आली कुठून? ती आली मुलांच्या एका वसतिगृहातून. तिथे मुले स्वतः दळत, स्वतः रांधत आणि सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यात ही गोष्ट सोपी नव्हती. ती कशी जमली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे समजण्यासाठी भाऊरावांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

शिकायचे, तर राहायचे कुठे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यातल्या मुलाला शिक्षणात पहिली अडचण यायची ती अंतराची. गावात शाळा असलीच तर ती प्राथमिक, तीही थोड्या इयत्तांची. पुढे शिकायचे तर सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर अशा मोठ्या गावी जावे लागे. तिथे नातेवाईक नसतील तर राहण्याचा आणि जेवणाचा प्रश्न उभा राही. शाळेची फी एक वेळ माफ होई, पण रोजची भाकरी कोण देणार? शेतकरी आणि मजूर घरांतली कितीतरी मुले याच ठिकाणी अडत.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले होते. त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करायला मदत केली. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजासाठी वेगळे बोर्डिंग निघाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या काळात एका जातीच्या माणसाने दुसऱ्या जातीच्या हातचे खाणे अवघड होते. त्यामुळे ज्या त्या समाजाने आपल्या मुलांची सोय करावी आणि दरबाराने पाठबळ द्यावे, हा व्यवहार्य मार्ग होता. त्यातून शेकडो मुले शिकली.

याच वसतिगृहांपैकी एकात भाऊराव पाटील नावाचा मुलगा राहत होता.

अंघोळीला नकार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, आजोळी झाला. घराणे मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते आणि आईचे नाव गंगाबाई. कुटुंब जैन, धार्मिक आणि सोवळे-ओवळे पाळणारे होते. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे सुरुवातीचे शिक्षण वेगवेगळ्या गावी झाले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले.

अभ्यासात त्यांची फारशी चमक नव्हती. कुस्ती, पोहणे आणि उनाडक्या यांतच त्यांचे मन अधिक रमे. बोर्डिंगचे नियम कडक होते आणि भाऊरावांना नियम मोडायची खोड होती.

मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आले. अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर अंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात येता येणार नाही, असे त्यांना जैन बोर्डिंगमध्ये सांगण्यात आले. भाऊरावांनी अंघोळ करायला नकार दिला. त्या वेळी बोर्डिंगचा कारभार अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. शिस्तभंगाचा शिक्का बसला आणि भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यानंतर काही काळ त्यांना शाहू महाराजांच्या आश्रयाने राहता आले. महाराजांचे काम त्यांनी तिथे जवळून पाहिले. मॅट्रिकपर्यंत मात्र त्यांची मजल गेली नाही.

पुढे आयुष्यभर वसतिगृहे काढणाऱ्या माणसाला एका वसतिगृहातून असे बाहेर पडावे लागले होते. वाद होता जेवणाच्या जागेवरून. भाऊरावांनी पुढे जी बोर्डिंगे काढली, त्यांत स्वयंपाकघर आणि पंगत यांना इतके महत्त्व का होते, याचे एक कारण इथे सापडते.

डांबर प्रकरण, कंदील आणि नांगर

शाळा सुटल्यावर भाऊराव साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० मध्ये त्यांनी काही मित्रांबरोबर सांगलीजवळच्या दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू केला. तो चालवण्यासाठी त्यांनी मुष्टिफंडाची वाट धरली.

मुष्टिफंड म्हणजे काय? घरातल्या बाईने रोज दळणाचे धान्य घेताना त्यातले मूठभर बाजूला ठेवायचे. ठरावीक दिवसांनी ते गोळा करायचे. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरली, तर एका घरातून महिन्याला दीड किलो धान्य निघते. शंभर घरांच्या गावातून दीड क्विंटल. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो ज्वारी लागते असे धरले, तरी एवढ्या धान्यात दहा मुलांची महिन्याची भाकरी भागते. देणाऱ्या घराला हा भार जाणवतही नाही. रोख पैसा जवळ नसलेल्या गावाकडून शिक्षणासाठी मदत घ्यायची, तर ती याच रूपात मिळू शकत होती.

१९१४ मध्ये कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यांना डांबर फासले गेले. संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेतला गेला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्यांच्या कारकिर्दीत आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगवायची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष द्यायला नकार दिला. त्यासाठी त्यांना कोठडी आणि मारहाण सोसावी लागली. छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून ते वाचले आणि पुढे त्यांची सुटका झाली.

त्यानंतर भाऊराव विक्रेते झाले. आधी ओगले यांच्या काचकारखान्याचा माल त्यांनी विकला, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर. या कामासाठी गावोगाव हिंडावे लागे. लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकत घ्यायला लावणे सोपे नव्हते. भाऊराव बांधावर बसून बोलत, नांगर चालवून दाखवत. दक्षिण महाराष्ट्रातील खेडी त्यांनी या काळात पायाखाली घातली. कोणत्या गावात कोण चांगला माणूस आहे, कुठल्या घरात हुशार पोरगा शाळा सोडून गुरांमागे जातो आहे, हे त्यांना दिसत होते. फिरतीत भेटलेल्या अशा एखाद्या मुलाला ते सोबत घेऊन येत. विक्रेत्याची ही नोकरी पुढच्या कामाची तयारी ठरली.

काले गावचा दसरा

भाऊरावांवर महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा प्रभाव होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे राज्याची सामान्य प्रजा, त्यातही शेतात राबणारी. संस्थेचे बोधचिन्ह ठरले वडाचे झाड. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि त्यांचे नवे खोड होते. एका शाखेतून दुसरी उभी राहावी, हा त्यामागचा अर्थ.

संस्थेचे उद्देश साधे होते. मागास समाजांतील मुलांमध्ये शिक्षणाची आवड निर्माण करावी. गरीब मुलांची राहण्याजेवणाची सोय शक्य तितकी मोफत करावी. वेगवेगळ्या जातींच्या मुलांमध्ये आपलेपणा वाढवावा. वाईट रूढी आणि उधळपट्टी यांना आळा घालावा. यातला तिसरा उद्देश सर्वांत अवघड होता. जातवार बोर्डिंगे चालवली असती, तर देणगी मिळवणेही सोपे गेले असते, कारण प्रत्येक समाजातील श्रीमंत माणूस आपल्या मुलांसाठी हात सैल सोडतो. भाऊरावांनी सगळ्यांसाठी एकच घर करायचे ठरवले.

कालेनंतर नेर्ले येथेही वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य केंद्र साताऱ्याला आले. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले होते. ज्या राजाच्या छायेत आपल्याला आसरा मिळाला, त्याचे नाव भाऊरावांनी आपल्या बोर्डिंगला दिले.

बोर्डिंगचा दिवस कसा जात असे?

सुरुवात भाऊरावांच्या राहत्या घरात मोजक्या मुलांपासून झाली. संख्या वाढत गेली, तसे घर अपुरे पडू लागले. पुढे साताऱ्यातील धनिणीच्या बागेत बोर्डिंगचा मुक्काम हलला. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वहिनी.

बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मातंग, मुसलमान, जैन अशा वेगवेगळ्या घरांतली मुले होती. पगारी आचारी, पाणक्या आणि गडी ठेवायचे म्हटले तर पैसे नव्हते. आणि ठेवले असते, तर आचारी कोणत्या जातीचा हा वाद पहिल्याच दिवशी निघाला असता. म्हणून कामे मुलांनीच वाटून घेतली. जात्यावर दळण, विहिरीवरून पाणी, भाजी निवडणे, भाकरी थापणे, भांडी घासणे, आवार झाडणे, संडास साफ करणे, सरपण फोडणे. ही कामे पाळीने फिरत.

पाळीने काम फिरण्यात एक खुबी होती. गावात झाडलोटीचे काम ठरावीक जातीचे, पाण्याला हात लावायचा हक्क ठरावीक जातीचा. बोर्डिंगमध्ये आज ज्याने झाडू मारला, त्याने उद्या पीठ मळायचे आणि सगळ्यांनी त्याच्या हातची भाकरी खायची. अस्पृश्यता चूक आहे हे भाषणात पटवून देण्याऐवजी मुलाला भूक लागलेली असताना त्याच्यापुढे ताट ठेवले जाई. ताटातले अन्न कोणी शिजवले, हे विचारत बसायला वेळ नसे. थोड्याच दिवसांत त्या प्रश्नाचा विसर पडे.

पहाटे उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत दिवस कामांनी भरलेला असे. सकाळी प्रार्थना, अभ्यास आणि वाट्याला आलेले काम. मग गावातल्या शाळेत. संध्याकाळी परतल्यावर शेत किंवा बाग, व्यायाम, जेवण आणि पुन्हा अभ्यास. आपले कपडे आपणच धुवायचे. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे आणि आजारी पडलेल्याकडे लक्ष द्यायचे.

कामांवर ऋतूचाही ताबा होता. शाळेचे वर्ष जूनमध्ये, म्हणजे साताऱ्याच्या पावसाबरोबर सुरू होई. या दिवसांत शेतात आणि भाजीच्या वाफ्यांत काम असे. पाऊस सरला की माती-दगडांची कामे निघत. दसरा-दिवाळीला मुले घरी जात आणि परतताना ज्याला शक्य असेल तो थोडे धान्य आणी. सुगीनंतर गावांकडून धान्याची मदत मिळवायची वेळ येई, तेव्हा भाऊराव फिरतीवर असत. उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा येत आणि नेमकी तेव्हाच कोठीतली ज्वारी आटू लागे. ज्याच्या घरी धान्य असेल त्याने ते द्यावे आणि ज्याच्याकडे काहीच नसेल त्याने श्रम द्यावेत, असा सरळ हिशेब होता. फुकटचे मिळते म्हणून कोणी ओशाळे होऊ नये, हा त्यामागचा विचार.

वहिनींचे सोने

हा हिशेब कागदावर जुळत असला, तरी कोठीत तो नेहमी जुळत नसे. मुलांची संख्या वाढत होती. मदत मात्र कधी येई, कधी लांबे. अशा वेळी बोर्डिंग कोणी तारले, याचे उत्तर लक्ष्मीबाई असे आहे.

लक्ष्मीबाई खाऊनपिऊन सुखी घरातून आल्या होत्या. माहेरचे आणि सासरचे वातावरण सोवळ्याचे. नवऱ्याने वेगवेगळ्या जातींची मुले घरात आणली, तेव्हा त्यांना ते सहज पचले नसणार. सुरुवातीला त्यांना अवघड गेलेच. पण मुले घरात वावरू लागली, आजारी पडू लागली, आईच्या आठवणीने रडू लागली, तसे सोवळे मागे पडले. लहान मुलांची न्हाणी-धुणी, दुखणी-खुपणी त्या पाहू लागल्या.

भाऊराव बहुतेक वेळ गावोगाव हिंडत असत. कोठी रिकामी झाली, की तोंड द्यायचे ते वहिनींना. धान्य आणण्यासाठी त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना गहाण पडला किंवा विकला गेला. शेवटी मंगळसूत्रही गेले. नवरा जिवंत असताना गळ्यातले मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे त्या काळच्या बाईला सांगावे लागत नव्हते. शेजारीपाजारी काय म्हणतील याची पर्वा न करता त्यांनी ते दिले, आणि मुले त्या दिवशी उपाशी राहिली नाहीत.

१९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. बोर्डिंगचे बरे दिवस त्यांनी पाहिले नाहीत. संस्थेच्या इतिहासात भाऊरावांचे नाव पुढे असते आणि ते योग्यही आहे. मात्र पहिली काही वर्षे ते घर उभे राहिले ते वहिनींच्या सोन्यावर, हे विसरता येत नाही.

गांधीजी आले तो दिवस

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात होते. त्यांनी बोर्डिंगला भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सगळ्या जातींची मुले एकत्र रांधतात आणि एकत्र जेवतात, हे पाहून गांधीजी प्रभावित झाले. साबरमतीच्या आश्रमात आपल्याला जे साधणे कठीण गेले, ते इथे घडले आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगितले जाते.

भाऊराव स्वतः खादी वापरू लागले होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अनवाणी पाय आणि वाढलेली दाढी, हीच त्यांची ओळख झाली. गांधीजींच्या भेटीमुळे बोर्डिंगला प्रतिष्ठा मिळाली आणि पुढे हरिजन सेवक संघाकडून वार्षिक मदतही मिळू लागली. १९३२ मध्ये पुणे करार झाल्यानंतर त्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. साताऱ्याची पद्धत तिथेही लागू झाली. एक चूल, एक पंगत, पाळीने काम.

एका घरातून शाळा, शाळेतून कॉलेज

बोर्डिंगमधून मुले शिकून बाहेर पडू लागली, तशी पुढची अडचण समोर आली. खेड्यात शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, आणि शहरातला शिक्षक खेड्यात टिकत नाही. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यातलीच मुले शिक्षक होऊन खेड्यात परतू लागली. त्यांच्या जोरावर संस्थेने वाड्यावस्त्यांवर शेकडो व्हॉलंटरी शाळा चालवल्या. १९४२ मध्ये स्त्री शिक्षिका तयार करण्यासाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले.

१९४० मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने साताऱ्यात मोफत आणि निवासी हायस्कूल उभे राहिले. इथे बोर्डिंगची पद्धत शाळेच्या चौकटीत आली. मुलाने शरीराचे कष्ट करायचे आणि त्या बदल्यात शिक्षण, राहणे, जेवण मिळवायचे. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि हीच रीत महाविद्यालयापर्यंत पोचली. माळ सपाट करणे, दगड फोडणे, विटा पाडणे, शेती करणे ही कामे कॉलेजचे विद्यार्थी करत. ज्या इमारतींत ते शिकत, त्यांतल्या काहींना त्यांचेच हात लागले होते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे बॅरिस्टर पी. जी. पाटील. गरीब घरातला हा मुलगा शाहू बोर्डिंगमध्ये वाढला, पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकला, परत येऊन शिवाजी कॉलेजचा प्राचार्य झाला आणि कालांतराने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरूही. बोर्डिंगची चूल फुंकणारा पोरगा कुठवर जाऊ शकतो, हे त्यांच्या रूपाने लोकांनी पाहिले.

अनुदान थांबले तेव्हा

जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पण याच काळात सरकारवर केलेल्या टीकेमुळे तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शाळा वाढत होत्या, शिक्षकांचे पगार द्यायचे होते, आणि पैशाचा मोठा झरा एकाएकी आटला.

ज्या संस्थेचा सगळा भार सरकारी पैशावर असतो, ती अशा वेळी कोसळते. रयत टिकली, कारण तिला गरिबीत चालायची सवय होती. लोकांनी धान्य आणि पैसा दिला, शिक्षकांनी तुटपुंज्या पगारावर काम केले, आणि भाऊराव पुन्हा गावे हिंडले. काही काळाने अनुदान पूर्ववत झाले. मुष्टिफंडाच्या दिवसांत गावाशी जोडलेले नाते या वेळी कामी आले.

मुलांकडून काम करून घेणे योग्य होते का?

आजच्या वाचकाला एक प्रश्न पडू शकतो. शिकायच्या वयात मुलांनी दळण का दळायचे? श्रीमंताच्या मुलाने फक्त अभ्यास करायचा आणि गरिबाच्या मुलाने अभ्यासाबरोबर दगडही फोडायचे, हा न्याय झाला का?

हा प्रश्न रास्त आहे. ज्या मुलाला दिवसभर कष्ट करावे लागतात, त्याच्या अभ्यासाचा वेळ कमी होतो, हे खरे आहे. शिक्षण मोफत देणे ही सरकारची जबाबदारी आहे, असे आज आपण मानतो. मात्र भाऊरावांच्या पुढे असलेला पर्याय वेगळा होता. तो मुलगा बोर्डिंगमध्ये नसता, तर गावात गुरे राखत किंवा सावकाराच्या शेतात राबत असता, आणि त्या कामातून त्याला शाळा मिळाली नसती. बोर्डिंगमध्ये त्याचे श्रम त्याच्याच शिक्षणात जमा होत होते.

शिवाय कामाचा दुसरा उपयोग भाऊरावांना महत्त्वाचा वाटे. शिकलेला माणूस हाताने काम करायला लाजतो आणि गावाकडे पाठ फिरवतो, हे त्यांनी पाहिले होते. शिकतानाच कुदळ हातात असेल, तर शिकल्यावर कुदळीची लाज वाटणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. आणि पाळीच्या कामाशिवाय जातींची सरमिसळ झालीच नसती. फक्त मोफत जेवण दिले असते, तर मुले शेजारी-शेजारी बसून वेगवेगळी जेवली असती.

शेवटची वर्षे

१९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. ज्या तालुक्यातल्या काले गावी संस्था जन्मली, तिथे आता महाविद्यालय आले होते. संस्थेच्या वसतिगृहांची संख्या ३८ पर्यंत गेली आणि हायस्कुले शंभराच्या पुढे पोचली.

लोकांनी भाऊरावांना कर्मवीर म्हटले. १९५९ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी. मॅट्रिक न झालेल्या माणसाला मिळालेली ही पदवी होती. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात त्यांची समाधी आहे.

आज रयत शिक्षण संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत आणि साताऱ्यात भाऊरावांच्या नावाचे विद्यापीठही आहे. जात्यावरचे दळण केव्हाच थांबले. संध्याकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तके लावणारा आणि महिनाअखेरीस त्याचे पैसे खानावळीत भरणारा विद्यार्थी मात्र अजून आहे. खेड्यातून आलेल्या मुलापुढचा प्रश्नही फारसा बदललेला नाही. प्रवेश मिळतो, पण राहायचे कुठे आणि जेवायचे काय? भाऊरावांनी या प्रश्नाला शिक्षणाच्या बाहेरचा न मानता शिक्षणाचाच पहिला धडा मानले, आणि त्याची सुरुवात एका सामाईक चुलीपासून केली.